दापोऱ्यातली पुढची बरणी

१

संदीपने पेला उजेडात धरला, नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि दुसऱ्याच क्षणी ओटा उतरून केळीच्या आळ्यात पचकन थुंकला.

"ज्योत्स्नाताई, काय आहे हे?" तोंड पुसत तो म्हणाला. "वाईन म्हणतात का याला? साबणाचं पाणी आहे!"

दापोऱ्याच्या मळ्यातल्या त्या ओट्यावर रविवारच्या सकाळी जमलेली माणसं जागच्या जागी थिजली. ज्योत्स्नाने त्याच्या हातातला पेला घेऊन स्वतःच्या ओठाला लावला. तिचा चेहरा आधी कसनुसा झाला, मग पांढराफटक पडला. केळीचा वास नाही, गोडी नाही, आंबटपणाचं तर नावच नाही. नुसतं खारट, बुळबुळीत, जिभेला चिकटणारं काहीतरी. बरणीत भरताना मधासारखी पिवळी दिसलेली वाईन आता काढ्यासारखी काळपट झाली होती.

केळीची वाईन हा ज्योत्स्नाचा ध्यास होता. नाशिकला द्राक्षांची होते, तर तापीकाठच्या केळीची का होऊ नये, या एका प्रश्नापायी ती शिकायला गेली, परवान्यासाठी भोपाळच्या खेपा घातल्या, सगळ्या गावाची बोलणी खाल्ली. संदीप नाशिककडे द्राक्षांच्या मळ्यांतून खवय्यांच्या शनिवार-रविवारच्या सहली काढायचा. यंदा पहिल्यांदाच त्याने सहल बऱ्हाणपूरला आणली होती. त्याच्या मंडळींना वाईन आवडली, तर दर हिवाळ्यात सहली दापोऱ्याला येणार होत्या. नाही आवडली, तर बरण्या ठेवलेली ती जुनी केळी पिकवायची खोली चुलतसासऱ्यांच्या, चुडामणकाकांच्या ताब्यात जाणार होती आणि वाईनचा खेळ कायमचा बंद होणार होता. घरात तसं ठरूनच गेलं होतं. सहलीची मंडळी शहरात मुक्कामाला होती. या घटकेला ती तिथल्या बुधवारा बाजारात मावा जिलेबीवर ताव मारत असणार, आणि दुपारी जेवायला मळ्यावर पोचणार होती.

ज्योत्स्ना पेला खाली ठेवायला गेली आणि तो टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर कलंडला. तिथे कालच्या भाजीचा हळदीचा डाग होता. वाईन त्यावर पसरली आणि बघता बघता डाग लालभडक झाला.

"कुंकू सांडल्यावानी दिसते!" चुडामणकाका दोन पावलं मागे सरले. "अपशकुन हाय हा. घरात दारू घुसली तवाच मी बोललो होतो, लेकिन बुढ्याची सुनतं कोण?"

ज्योत्स्नाला अपशकुनाशी कर्तव्य नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. तिथे तिची सासू सोजरबाई उभी होती. गळ्यात स्वामीनारायणाची कंठी, जन्मात कांदा-लसणाला हात न लावलेली बाई. वाईनची खोली तयार झाली त्या दिवशी 'मी या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही' असं तिने चारचौघांत सांगितलं होतं.

"झालं तुमच्या मनासारखं, आत्याबाई?" ज्योत्स्ना म्हणाली. "तोंडावर भांडला असता तर चाललं असतं. पण असं पाठीमागून?"

सोजरबाईंचे ओठ हलले. "मी तुह्यं वाईट नाही केलं, पोरी," एवढंच त्या म्हणाल्या आणि आत वळल्या.

"ज्योत्स्ना, आईवर कायले—" तिचा नवरा धर्मेंद्र याने मध्ये तोंड घातलं.

"मग तूच सांग, या घरात वाईनचा राग कोणाला होता?" ज्योत्स्नाचा आवाज फुटला. "पाहुणे जेवून गेले की मी फोपनारला चालले. माझ्या बापाचं घर अजून उघडं आहे."

ओट्याच्या टोकाला एक बाई मात्र ना ज्योत्स्नाकडे बघत होती, ना सोजरबाईंकडे. चादरीवरच्या त्या लाल डागावर तिने बोट टेकवलं, बोटाचा वास घेतला आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "अहो, हा अपघात नाही. कोणीतरी स्वतःच्या हाताने केलंय हे."

२

त्या बाईंचं नाव वैजयंती. कागद कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची सारी नोकरी गेली. पुरवठादार 'एकदम शुद्ध माल' म्हणाला, की वैजयंतीबाई आधी त्याच्या तोंडाकडे बघायच्या आणि मग मालाची परीक्षा दोनदा करायच्या. निवृत्तीनंतर परीक्षानळ्या सुटल्या, संशय काही सुटला नाही. दूधवाला, भाजीवाला, गॅसवाला, सगळे त्या चाळणीतून गेलेले. नवरा भास्कर म्हणायचे, "लग्नाच्या पंगतीतसुद्धा हिने श्रीखंडात मैदा आहे का ते बघितलं होतं." भास्करराव स्वतः पोटाचे भक्त. कारखान्याच्या मिल कॉलनीतून दापोऱ्याची ही सहल त्यांनीच हट्टाने ठरवली होती, आणि ज्योत्स्ना ओळखीची म्हणून दोघं मळ्यावरच उतरली होती. संदीपही मळ्यावरच झोपला होता. म्हणजे रात्री घरात होती ती ही तिघं आणि घरची चौघं. बाहेरचं माणूस शिरलं असतं, तर मळ्यातल्या कुत्र्यांनी अख्खा गाव उठवला असता.

वैजयंतीबाई ओट्यावरच बसल्या आणि शनिवारचा दिवस त्यांनी डोळ्यांपुढे उलगडला.

शनिवार मजेत गेला होता. दुपारी भरीत झालं. पळकाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजून, लाकडी बडगीत ठेचून. सोजरबाईंनी देवासाठी बिनकांद्या-लसणाचं वेगळं काढलं. सहलीतल्या बायकांना रविवारी पापड शिकायचे होते, म्हणून धर्मेंद्रने सकाळीच शहरातून पापडखाराचा डबा भरून आणला होता. संदीपने उत्साहाच्या भरात खाराची चिमूट जिभेवर टाकली आणि माकडासारखी तोंडं केली. सगळे पोट धरून हसले. चुडामणकाकाही हसले, पण हसताना त्यांचं लक्ष सारखं त्या खोलीकडे होतं. मळ्यातल्या केळीचे घड आता भाड्याच्या खोलीत पिकवावे लागतात, हे त्यांनी ज्याला त्याला ऐकवलं.

कढीच्या वेळी जरा पंचाईत झाली. ताक आंबून गेलं होतं. सोजरबाईंनी पातेल्यावर वाकून वास घेतला, खाराची चिमूट सोडली, फेस आला, तो बसल्यावर पुन्हा वास घेतला. "उतरला आंबूसपणा," असं म्हणून पातेलं चुलीवर चढवलं.

भास्कररावांचा मुक्काम अर्थातच चुलीपाशी होता. "सोजरबाई, मीठ बघितलंत का चाखून?" त्यांनी विचारलं.

"बापा! देवाले दाखवल्याबिगर तोंडात घालू?" सोजरबाईंनी कानाला हात लावला. "पाप लागीन ना. नाक कायले देल्लं देवानं?"

आणि कढी अशी झाली होती, की भास्कररावांनी ती वाटीने न पिता तांब्याने प्यायली असती.

संध्याकाळी ज्योत्स्नाने सगळ्यांना तापीकाठी नेलं. संदीप 'डोकं चढलंय' म्हणून मागे राहिला. चुडामणकाका ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. सोजरबाई देवघरात. आणि खोलीची किल्ली स्वयंपाकघराच्या दाराशी, सगळ्यांच्या हाताला येईल अशा खिळ्यावर.

"अहो," वैजयंतीबाई उठत म्हणाल्या, "चला, ती खोली बघू या. पण कोणाला हूं की चूं करू नका."

३

खोलीला खिडकी नव्हती. भिंती जाड, गारवा छान, आणि अजूनही पिकल्या केळीचा मंद वास. बॅटरीच्या उजेडात दोन बरण्या दिसल्या. कमरेएवढ्या, काचेच्या, एक पुढे आणि एक मागे. मागच्या बरणीच्या तोंडावरचं फडकं धुळीने राखाडी झालं होतं. पुढच्या बरणीवरचं फडकं मात्र धुवट, कोरं होतं.

"सकाळी ज्योत्स्नाने यातूनच काढली ना?" भास्करराव कुजबुजले.

"यातूनच. आणि ही फडक्याची अदलाबदल तिच्या लक्षातही आली नाही, इतकी ती घाईत होती."

वैजयंतीबाईंनी झाकण उचललं आणि बरणीच्या गळ्यात उजेड टाकला. आतल्या बाजूला वाळलेल्या फेसाची वलयं दिसत होती, एकाखाली एक, तीन. बाहेरून ओघळ कोणीतरी नीट पुसून काढले होते. खालची फरशी तेवढीच चकचकीत होती. बाकी फरशीवर धूळ.

मग त्या परसात गेल्या. दोरीवर एक फडकं वाळत होतं. धुतलेलं, पिळलेलं, तरी मध्यभागी काळपट डाग राहिलेला. तिथून त्या स्वयंपाकघरात डोकावल्या. सोजरबाई पुरणाला पाठ देऊन देवघरात बसल्या होत्या. वैजयंतीबाईंनी फळीवरचा पापडखाराचा डबा उघडला. काल काठोकाठ भरलेल्या डब्याचा तळ दिसत होता.

"हळदीचं काय ते सांग आता," केळीच्या सावलीत येताच भास्करराव म्हणाले. "माझा जीव टांगलाय."

"हळद आंबटात पिवळीच राहते. लिंबू पिळलेल्या पोह्यांवर कधी लाल डाग बघितलाय? पण चुना, सोडा, खार असलं काही लागलं की ती लाल होते. हळदीचं कुंकू होतं ते चुन्यानेच. वाईन मुळात आंबट. तिचा आंबटपणा मारून वर उरेल इतका क्षार कोणीतरी तिच्यात ओतलाय."

"म्हणजे डब्यातला खार!"

"किंवा चुना," वैजयंतीबाई म्हणाल्या. "डब्यातला खार आजच्या पापडांच्या पिठात गेला असेल, तर? मी नाही कोणाच्या डब्यावर विश्वास ठेवत."

तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं. दोघं दचकून वळले. चुडामणकाका तळहातावर तंबाखू घेऊन उभे होते, आणि दुसऱ्या हातात चुन्याची डबी होती. रिकामी.

४

"काय शोधून राह्यले, ताई?" काकांनी थंडपणे विचारलं.

"तुमचा चुना," वैजयंतीबाईंनीही तितक्याच थंडपणे उत्तर दिलं. "काल संध्याकाळी भरलेली होती ही डबी. आज रिकामी?"

काकांचा चेहरा आधी लाल झाला, मग ते खो खो हसत सुटले. "भली चौकशी हाय! ताई, या डबीतल्या चुन्यानं कमरेएवढी बरणी नासली, तर मी अख्खा तालुका नासवीन. धर्मेंद्रले माशी चावली होती, त्यानं नेला थोडा लावाले. बाकी तंबाखूत गेला." मग त्यांचा आवाज उतरला. "मले खोली पाहिजे, हे झूठ नाही. पन त्यासाठी सुनेच्या मेहनतीत माती कालवीन, असा मी नाही. मले वाटे, ती हारली तं सीधे रस्त्यानं हारीन."

बोलणं गळी उतरण्यासारखं होतं. वैजयंतीबाईंच्या गळी कोणाचं बोलणं इतक्या सहज उतरत नसे. त्यांनी दोन बश्या मागवल्या. एकीत काकांच्या डबीच्या तळाचा चुना खरवडून घातला, दुसरीत डब्याच्या तळाचा खार. दोन्हींवर लिंबू पिळलं. खार फसफसून बशीबाहेर आला. चुना गप्प बसून राहिला.

"सुटलात, काका," त्या म्हणाल्या. "बरणीच्या गळ्यात फेसाची वलयं आहेत. चुन्याने फेस येत नाही."

"मी अटकलो कवा होतो?" असं पुटपुटत काका निघून गेले.

आता राहिला संदीप. तो गाडीपाशी उभा राहून डिकीतल्या पेट्या मोजत होता. पेट्यांत नाशिकच्या द्राक्षवाईनच्या बाटल्या होत्या. बघूनच भास्कररावांनी बायकोला कोपराने ढोसलं.

"तयारीने आलात की," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"धंद्यात ठेवावं लागतं, मॅडम. लोक दुपारी येतील, त्यांना काय केळीचं सरबत पाजू?" तो वरमून म्हणाला. "मला खरंच वाईट वाटतंय. पण खोलीच तशी. मागच्या भिंतीला ओल आलीये, तिथे वाईन टिकणार कशी?"

"तुम्ही खोलीत गेला होतात?"

"छे हो! मी कशाला जाऊ? ज्योत्स्नाताईंनी सकाळी पेला बाहेर आणून दिला."

"मग बरण्यांच्या आड असलेली ओल तुम्हाला ओट्यावरून दिसली?"

संदीपने डिकीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"गेलो होतो," शेवटी तो म्हणाला. "काल संध्याकाळी, सगळे नदीवर गेल्यावर. फक्त वास घेतला. पुढच्या बरणीचं झाकण उचललं आणि लगेच ठेवलं. शपथेवर सांगतो, आत काही टाकलं नाही."

"आणि वास कसा होता?"

संदीप घुटमळला. "आंबट. झाकण नीट बसलेलं नव्हतं, हवा लागली असणार. मी अंगणात येऊन पार्टनरला फोन केला. म्हटलं, वास आंबट मारतोय, उद्या चार लोकांत पोरीची फजिती होणार, आपल्या पेट्या काढाव्या लागतील."

"अंगणात कुठे उभे होतात?"

"इथेच. त्या छोट्या खिडकीपाशी."

वैजयंतीबाईंनी खिडकीकडे बघितलं. खिडकीला पडदा होता, आणि पडद्याआडून उदबत्तीचा धूर येत होता. त्यांनी कपाळाला हात लावला.

"का गं?" भास्कररावांनी विचारलं. "काय झालं?"

"अहो, मी सकाळपासून चुकीचा प्रश्न विचारतेय," त्या म्हणाल्या. "वाईन कोणी बिघडवली, हा प्रश्नच नाही."

तेवढ्यात खोलीच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला.

५

चुडामणकाका आणि मळ्यातला गडी लोटू, दोघांनी मिळून मागची बरणी उंबऱ्यापर्यंत सरकवली होती. ज्योत्स्ना दारात उभी होती. डोळे सुजलेले, हातात कपड्यांची पिशवी.

"ओता," ती म्हणत होती. "दोन्हीत एकाच केळीचा रस. एक गेली म्हणजे दोन्ही गेल्या. ओता केळीच्या बुडात, निदान तिला तरी खत होईल."

"थांबा!" वैजयंतीबाई अशा ओरडल्या, की लोटूच्या हातून बरणी सुटता सुटता राहिली. "या बरणीला कोणी हात लावायचा नाही. मी देवघरातून येईपर्यंत हिचं फडकंसुद्धा सोडू नका."

"मावशी, आता काय राह्यलं आहे?" ज्योत्स्ना म्हणाली.

"तुझं घर राहिलंय," वैजयंतीबाई म्हणाल्या आणि तशाच आत गेल्या.

सोजरबाई देवापुढे बसल्या होत्या. निरांजन विझलं होतं, आणि हे त्यांच्या गावीही नव्हतं. वैजयंतीबाई शेजारी मांडी घालून बसल्या. आपला आवाज हलका करायला त्यांना कष्ट पडले, कारण तशी सवय नव्हती.

"सोजरबाई, ज्योत्स्नावर रागावून कोणी वाईन नासवायला गेलं असतं, तर मूठभर मीठ टाकून पळालं असतं. किंवा रॉकेल. हे तसं नाही. या माणसाने आधी थोडा खार टाकला, फेस बसायची वाट बघितली. मग आणखी टाकला, पुन्हा थांबला. बरणीच्या गळ्यात वलयं राहिली आहेत. आंबलेलं ताक सावरतात, तसं त्याने त्या वाईनला सावरलं. मग सांडलेलं पुसलं, फडकं धुऊन दोरीवर घातलं, बरणीला कोरं फडकं बांधलं. दुष्मन कधी फडकं धुऊन जातो?"

सोजरबाईंचा हात कंठीवर गेला.

"पण एक कोडं उरलं. जो सावरायला जातो, तो शेवटी चव बघतोच. या माणसाने बोटभर जरी जिभेला लावलं असतं, तरी हात जागीच थांबला असता. त्याने चव घेतलीच नाही. वास घेतला, आंबूसपणा उतरला असं वाटलं, आणि तो समाधानाने निघून गेला. ज्याला रांधता येतं, बिघडलेलं सावरता येतं, आणि तरी जो चाखून बघत नाही, असा या घरात एकच हात आहे. काल त्या हातची कढी मी दोनदा घेतली."

मग सोजरबाई बोलल्या. आवाज इतका बारीक, की बाहेरच्या पाखरांच्या कलकलाटात तो बुडाला असता.

"त्यो नाशिकवाला फोनवर बोलत होता. उद्या पोरीची फजिती होईन म्हणे. माह्या जिवाले काही चैन पडंना. पहाटे उठली आन् गेली. उंबऱ्यावर पाय ठेवला तं देवाची माफी मांगली. दोन्ही बरण्यांचा वास घेतला, ताई. मांगची गोड होती, पुढची आंबलेली. म्या म्हटलं, ताकाचं जमते तं याचं बी जमीन." त्यांनी पदराने डोळे टिपले. "सकाळी त्यानं थुंकलं तवा मले समजलं म्या काय केलं ते. सांगू कशी? दारूच्या खोलीत गेली म्हनून सांगू, का सुनेची दोन वर्सं नासली म्हनून सांगू?"

वैजयंतीबाईंना गलबलून आलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ही म्हण त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांवर हसताना वापरली होती. आज ती हसू आणत नव्हती.

"ती फोपनारला निघालीये, सोजरबाई," त्या म्हणाल्या. "पिशवी भरून दारात उभी आहे. मी बाहेर जाऊन काहीही सांगू शकते. 'डब्यातला खार चुकून पडला' असंही सांगू शकते. तुम्ही म्हणाल तसं."

सोजरबाईंनी निरांजन उचललं, वात सारखी केली, ते पेटवलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

६

बाहेर सगळे तसेच उभे होते. रस्त्यावर, केळीच्या रांगांपलीकडे, मोटारींचा धुरळा दिसत होता. सहलीची मंडळी येऊ लागली होती.

सोजरबाई कोणाकडे न बघता सरळ खोलीपाशी गेल्या. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबल्या. मग चुडामणकाकांच्या, मुलाच्या, पाहुण्यांच्या, सगळ्यांच्या देखत त्यांनी उंबरा ओलांडला. काकांच्या हातातली तंबाखू खाली पडली.

"वहिनी!"

"गप बसा, भाऊजी. म्या पहाटेच ओलांडला हाय हा," सोजरबाई म्हणाल्या. "ज्योत्स्ना, पुढच्या बरणीत खार म्या टाकला. ती आंबली होती, म्हनून टाकला. मले वाटलं तुही लाज राखावं. उलटंच झालं." त्यांनी सुनेच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. "तुले जायचं अशीन तं जाय. पन माह्या हातानं नासलं हे समजून जाय, माह्या मनानं नाही."

ज्योत्स्नाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. धर्मेंद्र पुढे होऊन आईजवळ उभा राहिला.

"आंबली होती हे खरं," संदीप पुढे येऊन म्हणाला. त्याला घाम फुटला होता. "काल मीही वास घेतला होता, न विचारता. पुढची बरणी कालच गेली होती, ताई. व्हिनेगर व्हायला लागलं होतं. आजींनी काही केलं नसतं, तरी सकाळी मी थुंकलोच असतो. मी कालच तुम्हाला सांगायला हवं होतं."

"तेवढा फेस आला तो म्हणूनच," वैजयंतीबाईंनी पुस्ती जोडली. "इतकं आंबट नसतं, तर इतका फेसही नसता. ज्योत्स्ना, आता डोकं चालव. आत बरण्या किती?"

"दोन."

"तुझ्या आत्याबाईंनी वास किती बरण्यांचा घेतला?"

ज्योत्स्नाने सासूकडे बघितलं.

"दोन्हीचा," सोजरबाई म्हणाल्या.

"आणि खार एकीतच टाकला," वैजयंतीबाई म्हणाल्या. "वैरी असता तर दोन्ही बुडवल्या असत्या. सावरणारा चांगल्याला हात लावत नाही. उचल ते धुळकट फडकं."

ज्योत्स्नाच्या हातातली पिशवी गळून पडली. तिने फडकं सोडलं, झाकण उचललं. आतून पिकल्या केळीचा दाट वास आला आणि ओट्यापर्यंत दरवळला. तिने पेला भरला. उजेडात तो मधासारखा पिवळा दिसला. संदीपने घोट घेतला आणि या वेळी तो केळीच्या आळ्याकडे गेला नाही. त्याने डोळे मिटले, दुसरा घोट घेतला, आणि जाऊन गाडीच्या डिकीला कुलूप घातलं.

"एक बरणी तेवढी पुरेल का?" भास्कररावांनी काळजीने विचारलं. पेला आपल्यापर्यंत येतो की नाही, ही त्यांची खरी काळजी होती.

ज्योत्स्नाने पेला कोणालाच दिला नाही. ती सासूच्या पायाशी बसली, त्यांच्या गुडघ्यात तोंड खुपसलं आणि लहान पोरीसारखी रडली. "मी तुमच्यावर बोलले, आत्याबाई. सगळ्यांसमोर बोलले."

"बोलशीन नाही तं काय करशीन?" सोजरबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "ऊठ, पाव्हणे आले. पुरण गार होऊन राह्यलं. आन् ते अजून देवाले दाखवलं नाही, चाखशीन बिखशीन."

चुडामणकाका खाली पडलेल्या तंबाखूकडे बघत उभे होते. मग त्यांनी लोटूला हाक मारली. "अरे, देखता क्या है? बरनी अंदर ठेव, नीट. आन् त्या मागच्या भिंतीले ओल आली म्हनतात, उद्या गवंडी बुलाव."

पुढच्या हिवाळ्यात वैजयंतीबाई आणि भास्करराव पुन्हा दापोऱ्याला गेले. खोलीत आता बरण्यांची रांग होती, आणि उंबऱ्याच्या आत एक पाट मांडलेला. सोजरबाई त्यावर बसल्या होत्या. सून एकेक झाकण उचलत होती, सासू वाकून वास घेत होती. जिभेला थेंब न लावता, डोळे मिटून.

"ही ठेव. ही बी ठेव." तिसऱ्या बरणीपाशी त्या थांबल्या, पुन्हा वाकल्या. "ही मात्र नको काढू पोरी, हिचं मन थाऱ्यावर नाही."

वैजयंतीबाईंना राहवलं नाही. त्यांनी ज्योत्स्नाकडून चमचा घेतला, तिसऱ्या बरणीतला थेंब जिभेवर ठेवला आणि झाकण लावून टाकलं.

"काय गं?" भास्कररावांनी विचारलं. "पटलं का?"

"पटलं," वैजयंतीबाई म्हणाल्या. कोणाचंही बोलणं त्यांना पहिल्याच खेपेला पटल्याचं भास्कररावांनी संसारात प्रथमच ऐकलं. त्यांनी आपला पेला घाईने पुढे केला.